अंतर हातानं लावणाऱ्या विजूकाकू

समोरच्या माणसाचं गाव, जात, पगार असल्या गोष्टींत विजूकाकूंना काडीचाही रस नव्हता. त्यांना रस होता तो माणूस किती लांब उभा आहे यात. भाईंदरला जेसल पार्कच्या आमच्या इमारतीत मी राहायला आले त्या दिवशी त्यांच्या दारात उभी राहून पाण्याची वेळ विचारत होते. बाईंनी डोळे किलकिले करून मला न्याहाळलं आणि म्हणाल्या, "दीड वार." मला वाटलं, ब्लाउजपीसबद्दल काही बोलतायत. "तू माझ्यापासून दीड वारावर उभी आहेस," त्यांनी खुलासा केला, "आणि पाणी साडेसहाला येतं."

सगळं आयुष्य दादरच्या एका कापडाच्या दुकानात साड्या उलगडून दाखवण्यात गेल्यामुळे त्यांच्या डोक्यातली मापं कायमची कापडाची झाली होती. जवळचं अंतर वारात, मधलं पाचवारीत, लांबचं नऊवारीत. सोसायटीच्या मीटिंगला सेक्रेटरी एका पाचवारीवर बसला तर ऐकू येतो, त्यापलीकडे नुसते हातवारे दिसतात, असं त्यांचं मत होतं आणि ते खरंही होतं. मी दोन-चारदा टेप लावून त्यांची परीक्षा घेतली. फार फार तर वीतभर चुकायच्या, आणि चुकल्या की दोष टेपला द्यायच्या.

या खोडीला कारण होते सबनीसकाका, म्हणजे त्यांचे यजमान. काकांकडे जुना रोलचा कॅमेरा होता. त्याच्या लेन्सवर गोल फिरणारं एक कडं, आणि त्यावर आकडे कोरलेले: मीटरचे पांढरे, फुटांचे केशरी. समोरचा माणूस जितका लांब, तेवढा आकडा खुणेसमोर आणायचा, की फोकस लागला. काकांना गाणं कळायचं, भाजी कळायची, पण अंतर म्हणून कळायचं नाही. त्यामुळे संसारात वाटणी झाली. काकू अंतर सांगायच्या, वाराचे फूट करून. काका कडं फिरवायचे. आणि समोर बसवलेली मुलगी रडायची. त्यांच्या अल्बममध्ये ही मुलगी वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत सलग रडतेय, पण प्रत्येक अश्रू स्पष्ट आहे.

पुढे मोबाइल आले, कडं फिरवणं संपलं. काकांचा शेवटचा वाढदिवस कुणीतरी मोबाइलवर टिपला, आणि वर्षाच्या आत काका गेले तेव्हा घरात त्यांचा अलीकडचा असा तेवढाच एक फोटो निघाला. तो मोठा करून हॉलमध्ये लावला होता. त्यात केकवरची मेणबत्ती इतकी स्पष्ट होती की ओघळलेलं मेण दिसावं. मागे काका, पुसट. मला तो फोटो बघून रडू यायचं. काकूंना राग यायचा. "अख्ख्या खोलीत एकच चेहरा महत्त्वाचा होता," त्या म्हणायच्या, "आणि यंत्रानं मेणबत्ती निवडली."

म्हणून नागपूरच्या मुलीनं नवा कोरा कॅमेरा पाठवला तेव्हा आनंदाच्या आधी भांडण झालं. काकांची जुनी लेन्स त्यावर बसली असती, पण खाडीच्या दमट हवेनं तिच्या भिंगात बुरशी धरली होती. नवी लेन्स देखणी, काळीभोर, गुळगुळीत. काकूंनी ती सगळीकडून फिरवून पाहिली आणि मला हाक मारली. "अगं, हिच्यावर आकडेच नाहीयेत. आंधळी पाठवलीय की काय?" रिंग होती, पण ती कितीही फिरवली तरी फिरतच राहायची. ना सुरुवात, ना शेवट. तडक आम्ही दोघी भाईंदर पश्चिमेला जिग्नेशभाईंच्या दुकानात.

जिग्नेशभाई हा गोड माणूस. त्यांच्या दुकानात आता पासपोर्ट फोटो आणि मोबाइलची कव्हरंच जास्त विकली जायची, त्यामुळे कुणी लेन्सबद्दल विचारलं की ते चहा मागवायचे. त्यांनी समजावलं की ही रिंग आतल्या भिंगाला जोडलेलीच नाही. ती फक्त मोटरला निरोप देते, भिंग मोटर हलवते. "काकी, अभी मॅन्युअल कौन करता है? बटन आधा दबाओ, हो गया."

"किसका हो गया?" काकूंनी विचारलं. "मेणबत्ती का?"

जिग्नेशभाईंना संदर्भ माहीत नव्हता. त्यांनी आदरानं आणखी एक चहा मागवला.

तरी काकूंनी यंत्राला एक संधी दिली. त्यांची मासेवाली मैत्रीण फिलोमिना उत्तनची. भाईंदरच्या बाजारात तिची पाटी, आणि काकूंशी तिचं नातं इतक्या वर्षांचं की पापलेटाच्या भावावरून भांडल्याशिवाय दोघींना दिवस गोड लागत नसे. तिचा धड असा एक फोटो नव्हता. आम्ही बसनं मुर्धा, राई करत उत्तनला गेलो. किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले, ओळीनं लोंबणारे, आणि त्यांच्यामागे फिलोमिना ठेवणीतलं लुगडं नेसून उभी. काकूंनी बटण अर्धं दाबलं. यंत्र किणकिणलं. फोटो आला त्यात पुढचा बोंबील जबड्यासकट, दातांसकट लख्ख, आणि फिलोमिना म्हणजे एक रंगीत ढग. काकूंनी पुन्हा काढला. यंत्रानं दुसरा बोंबील निवडला.

फिलोमिनानं फोटो पाहिला आणि म्हणाली, "ताई, बोंबलाचा फोटू बरा आयलाय. मी हाय कुठं?"

त्या संध्याकाळी घरी आल्याआल्या काकूंनी कॅमेरा मॅन्युअलवर टाकला, आणि त्यानंतर तो मरेपर्यंत तिथेच राहील असं जाहीर केलं. आकडे नाहीत? आम्ही करू. त्यांनी शिवणकामाची फीत कापून लेन्सभोवती चिकटवली. मला हॉलमध्ये एकेका वारावर उभं केलं, फोकस लावला आणि फितीवर पेनानं खुणा केल्या. मी मागे सरत सरत स्वयंपाकघरात पोचले, मग गॅलरीत. त्यांचा उत्साह असा की दूध उतू गेलं तरी दोघींना पत्ता नाही. रात्री त्यांनी ते कडं असं कौतुकानं पाहिलं की मलाही माझ्या पायांचा अभिमान वाटला.

सकाळी एकही खूण जुळेना. एक वाराच्या खुणेवर तीन वारावरचं कपाट दिसायला लागलं. आम्ही पुन्हा जिग्नेशभाईंकडे. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. ही रिंग हळू फिरवली तर भिंग थोडं सरकतं, झरकन फिरवली तर तेवढ्याच फिरण्यात बरंच जास्त. आणि कॅमेरा बंद करून चालू केला की कुठून सुरुवात करेल त्याचा भरवसा नाही. फीत चिकटवून काय होणार? पण मग त्यांनी एक गोष्ट दाखवली. मॅन्युअलवर रिंग हलवली की कॅमेऱ्याच्या पडद्यावर तळाशी एक पट्टी उमटते, आणि तीवर अंतराचे आकडे. आकडे होते, फक्त लेन्सवरून उठून पडद्यावर जाऊन बसले होते. काकूंनी दुकानातच टाळी वाजवली. जिग्नेशभाईंना म्हणाल्या, तुम्ही एका पाचवारीच्या अलीकडे आहात, हलू नका. आणि आकडा लावून त्यांचा असा फोटो काढला की त्यांनी तो काउंटरमागे लावला.

ते वर्ष मजेचं गेलं. काकू सकाळी खाडीकाठी जायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अंतर सांगून फोटो काढायच्या. हास्यक्लबातली माणसं त्यांना बघून आपोआप दोन पावलं मागे व्हायची. इमारतीतल्या प्रत्येक घरात त्यांनी काढलेला एकतरी फोटो लागला. सगळ्यांचं एकच म्हणणं: या फोटोत आपण आपल्यासारखे दिसतो. मी त्यांना म्हटलं, कॅमेरा चांगला आहे. त्या म्हणाल्या, कॅमेऱ्याला मी काही विचारतच नाही.

त्यांच्या डोळ्यांचं कळलं ते ग्रिलमुळे. एके सकाळी त्यांनी नव्या ग्रिलच्या वेल्डिंगवाल्याला बोलावून फैलावर घेतलं. मधले गज वाकडे बसवलेत, डोळे कुठे गेले होते, वगैरे. बिचाऱ्यानं ओळंबा सोडून दाखवला. "माताजी, एकदम सीधा है." काकूंनी एक डोळा झाकून ग्रिल पाहिली, मग दुसरा झाकून पाहिली. मग त्याला चहा दिला, माफी मागितली आणि मला म्हणाल्या, "उद्या सुट्टी टाकशील? डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय."

डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत होता. एकाचा बराच गेलेला, दुसऱ्याचा जायला निघालेला. इंजेक्शनांनी वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. रिक्षात बसल्यावर त्यांनीच मला समजावलं. "कडा राहतील, मधलं जाईल. म्हणजे तुझे कान दिसतील, नाक नाही." मी रडायला लागले तर म्हणाल्या की एवढं काही माझं नाक बघण्यासारखं नाही. पण घर येईपर्यंत त्या एकही अंतर बोलल्या नाहीत, आणि तेव्हा मला खरी भीती वाटली.

कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे ते बारके आकडे आधी गेले. मी आपली शहाण्यासारखी बोलले की काकू, आता ऑटोफोकसच बरं, त्याला आकडे लागत नाहीत. त्या चिडल्या नाहीत. नीट विचार करून बोलल्या.

"ऑटोफोकस आधी निवडतं, मग विचारतं, हे चालेल का? डोळे असले की आपण नको म्हणू शकतो. मला दिसणारच नाही त्यानं काय निवडलंय, तर मी नको कशाला म्हणू? अंतर माझं मला कळतं. मला फक्त हाताला लागणारे आकडे हवेत."

"पण काढलेला फोटो तुम्हाला दिसणार नाही, काकू."

"मला बघायचेत कुठे? मला काढायचेत."

आता सगळं त्या एका गोष्टीवर येऊन ठेपलं. बोटांना कळेल असं कडं मिळालं तर काकूंचे फोटो चालू राहणार, नाहीतर संपणार. जिग्नेशभाई कामाला लागले. या माणसानं ओळखीपाळखीच्या सगळ्या दुकानदारांना फोन लावले आणि एक वापरलेली लेन्स पैदा केली. ही ऑटोफोकसचीच, पण तिची रिंग मागे ओढली की खट् आवाज होऊन खालून आकड्यांचं कडं उघडं पडायचं, आणि रिंग एकदम शहाणी व्हायची. एका टोकाला अडायची, दुसऱ्या टोकाला अडायची, आणि मधला प्रत्येक आकडा आज आहे तिथेच उद्या. काकूंनी ती खट्कन मागे ओढली, पुढे ढकलली, पुन्हा ओढली. दुकानात आलेली गिऱ्हाइकं बघत राहिली. "आहे," त्या म्हणाल्या, "हिला शेवट आहे."

आकडे हाताला लागावेत म्हणून त्यांनी टिकल्या लावल्या. लेन्सच्या न फिरणाऱ्या भागावर एक मोठी टिकली, ती खूण. रिंगवर दीड वाराला बारीक टिकली, अडीच वाराला त्याहून मोठी, एका पाचवारीला खड्याची. अंगठ्याला दोन टिकल्या समोरासमोर लागल्या की अंतर बसलं. लांबच्या सगळ्या गोष्टींना टिकलीची गरज नाही, रिंग शेवटपर्यंत नेऊन अडली की झालं. काकांच्या लेन्सचं तसंच होतं. टिकल्यांनी सजलेल्या त्या लेन्सला बघून जिग्नेशभाई म्हणाले, काकी, इसकी तो शादी कर दो.

पहिल्या दिवशी आम्ही खाडीकाठी गेलो. काकूंनी रिंग शेवटाला टेकवून पलीकडचा काठ टिपला, पाण्यातल्या होड्या, लांबचा पूल. कॅमेरा माझ्या हातात दिला. मी पाहिलं. सगळे फोटो पुसट होते, एकूण एक. मला खोटं बोलावंसं फार वाटलं, पण त्यांच्याशी खोटं बोलणं जमणारं नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी पुन्हा काढले, रिंग दाबून दाबून शेवटाला नेली. तसेच आले. काकू कठड्यावर बसल्या. "म्हणजे हातही गेला," एवढंच म्हणाल्या. कॅमेरा पिशवीत घातला आणि पुढे कितीतरी दिवस तो बाहेर निघाला नाही. फोटो काढायला कुणी बोलावलं की गुडघ्याचं निमित्त सांगायच्या. गुडघे त्यांचे उत्तम होते.

शेवटी मी एकटीच कॅमेरा आणि त्यातले ते फोटो घेऊन जिग्नेशभाईंकडे गेले. त्यांनी एक फोटो पाहिला, दुसरा पाहिला, रिंग कुठवर नेली होती ते विचारलं, आणि हसायलाच लागले. मला त्यांचा राग आला. मग त्यांनी रिंग शेवटाला नेली आणि कड्यावरचा तो अनंताचा आडवा आठ दाखवला, जो सगळ्यात लांबच्या अंतरासाठी असतो. खूण त्याच्या पुढे गेली होती. नव्या लेन्सा तिथे थांबत नाहीत, उन्हानं तापल्या की आतलं थोडं सरकतं म्हणून आणि मोटरला इकडेतिकडे शोधायला जागा लागते म्हणून त्या पुढे आणखी फिरतात. शेवट म्हणजे लांबचं, हा जुन्या लेन्सचा कायदा. ज्याचा हात जुन्या लेन्सवर बसलाय तोच ही चूक करणार. आजकालच्या कुणाला ती करताच येणार नाही.

मी जिना चढले तो धावतच. काकू मेथी निवडत होत्या. मी धापा टाकत सांगितलं. त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. मग मेथीचं ताट बाजूला सारून उभ्या राहिल्या. "म्हणजे अनंताच्याही पुढे जागा ठेवलीय मेल्यांनी? आणि मी तिथे जाऊन आले?" त्यांना इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी वाहिलं, आणि माझ्याही. त्याच पावली शेवटाच्या किंचित अलीकडे एक नवी टिकली बसली, कुंकवाएवढी. पलीकडचा काठ त्या दिवशी घरांच्या खिडक्यांसकट आला.

त्यानंतर त्या थांबल्या नाहीत. बघणं आता तिरकं झालं होतं. तुमचा चेहरा हवा असला की त्या तुमच्या खांद्यापलीकडे बघायच्या. नवा माणूस गोंधळून मागे वळायचा. अंतर मात्र पूर्वीसारखंच, आता थोडं आवाजावरून. "बोल काहीतरी," म्हणायच्या, आणि माणूस बोलता बोलता अंगठा टिकलीवर थांबायचा. चुकायच्या पण, पूर्वीपेक्षा जास्त. मी चुकलं म्हटलं की कॅमेरा परत मागून घ्यायच्या.

शेवटी एकटीनं राहणं अवघड झालं आणि मुलीनं नागपूरला न्यायचं ठरवलं. निघण्याआधीच्या रविवारी फिलोमिनाच्या घरच्या नव्या होडीला आशीर्वाद द्यायचा होता. काकूंना आमंत्रण होतं. मी त्यांना पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं.

उत्तनचा किनारा माणसांनी भरलेला. होडी या टोकापासून त्या टोकापर्यंत कागदी पताकांनी आणि झेंडूच्या माळांनी मढवलेली, वारा असा की सगळं फडफडतंय. फादरनी पाणी शिंपडलं, बँड वाजायला लागला, आणि पताकांच्या मागे, होडीवर पुढच्या टोकाला, नाळेपाशी, फिलोमिना उभी. नवऱ्यामागे तिनंच राबून ही होडी उभी केली होती. सगळ्या नातलगांचे मोबाइल वर गेले. मी दोघा-तिघांच्या पडद्यांवर डोकावले. लाल पताका, पिवळी पताका, झेंडू.

काकू गर्दीतून पुढे सरकल्या. मी दंड धरला होता, तो त्यांनी सोडवून घेतला. वाळूत पाय रोवले, मान तिरकी केली, रिंग खट्कन मागे ओढली.

"फिलोमिना, बोल काहीतरी."

"काय बोलू गो ताई? मी हाय हितंच."

अंगठा सरकला. थांबला. किंचित मागे आला. त्यांनी एकच फोटो काढला आणि न बघता कॅमेरा माझ्याकडे दिला.

मी हाताचा आडोसा करून पाहिलं. पताका कुठेतरी विरघळून नुसते रंग उरले होते. आणि मधोमध फिलोमिना, कपाळावरच्या पाण्याच्या थेंबांसकट, भुवईवरच्या जुन्या व्रणासकट, हसता हसता रडायला लागलेली.

"चेहरा?" काकूंनी विचारलं.

"स्पष्ट आहे."

"डोळे?"

"डोळेसुद्धा, काकू."

मी कॅमेरा वर करून फिलोमिनाच्या हातात दिला. तिनं पाहिला. बँड वाजत होता, लेक तिला हाका मारत होता, पण ती बराच वेळ त्या पडद्याकडेच बघत राहिली.

"ताई," ती म्हणाली, "ही मी हाय?"

काकूंनी कॅमेऱ्यासाठी हात पुढे केला, आणि नजर तिच्या खांद्यापलीकडे, समुद्रावर ठेवून म्हणाल्या, "तूच आहेस. आता जागची हलू नकोस, अजून एक काढते."